कोबीवरचा आळ

पुण्यातल्या खडकी बाजारात संध्याकाळी भाजी घ्यायला उभे राहिले की एक वाक्य हमखास कानावर पडते. "कोबी नको, त्यातली अळी डोक्यात जाते म्हणे." परवाही एक ताई लेकराचा हात धरून हेच सांगत होत्या. भाजीवाल्याने गड्ड्याची वरची दोन पाने सोलून दाखवली. "बघा ताई, एक भोक नाही," म्हणाला. पण त्यांचे मन मानेना. त्यांनी कोबी ठेवून दिला आणि कोथिंबिरीची जुडी घेतली. ती टवटवीत दिसावी म्हणून भाजीवाला अधूनमधून शेजारच्या बादलीत हात बुडवून तिच्यावर पाणी शिंपडत होता. बादलीतले पाणी कुठले, दिवसभरात किती हात त्यात बुडाले, हे ना त्या ताईंनी विचारले, ना मी. घरी गेल्यावर ती कोथिंबीर बारीक चिरून, कच्चीच, पोह्यांवर पडणार होती.

ताईंची भीती खरी होती, फक्त ती चुकीच्या जागी जाऊन बसली होती. मेंदूत किड्याची गाठ होते आणि त्यामुळे फिट येते, हे खोटे नाही. आपल्या देशातल्या अपस्माराच्या मोठ्या कारणांपैकी ते एक आहे. पण कोबी पोखरणाऱ्या हिरव्या अळीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. ती अळी शिजली तर मरते आणि चुकून पोटात गेली तर पचते. खरा अपराधी डोळ्यांना दिसत नाही. तो येतो माणसाच्या विष्ठेतून, आणि पानावर, पाण्यात किंवा हातावर बसून आपल्या तोंडापर्यंत पोचतो. आळ कोबीवर गेला की विष्ठेचा विषय निघतच नाही. म्हणून हा आळ आधी दूर केला पाहिजे.

या कृमीला शास्त्रात टीनिया सोलियम म्हणतात. मराठी ग्रंथांत तो पट्टकृमी, दवाखान्यात टेपवर्म. त्याला दोन घरे लागतात, एक माणूस आणि दुसरे डुक्कर. माणसाच्या आतड्यात तो दोन ते चार मीटर, कधी त्याहूनही लांब वाढतो, आणि ज्याच्या पोटात असतो त्याला बहुधा कळतही नाही. त्याच्या फितीचे शेवटचे तुकडे सुटून शौचावाटे बाहेर पडतात. एकेका तुकड्यात हजारो, कधी पन्नास हजारांपर्यंत अंडी असतात. उघड्यावरची विष्ठा डुकराने खाल्ली की अंडी फुटतात, आतले भ्रूण रक्तातून त्याच्या स्नायूंत जातात आणि तिथे पाण्याने भरलेल्या पिशव्या होऊन बसतात. असे मांस कापले की भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे दिसतात, प्रत्येकात एक पांढरा ठिपका. ते मांस नीट न शिजवता कोणी खाल्ले की त्या ठिपक्याचा नवा पट्टकृमी होतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

इथपर्यंतची गोष्ट मांस खाणाऱ्याची झाली. पुढचा भाग सगळ्यांचा आहे, आणि तोच सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे. दाण्यांचे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी होतो, पण त्या मांसामुळे थेट मेंदूत काही जात नाही. मेंदूत गाठ होते ती अंडी पोटात गेल्यामुळे. डुकराच्या स्नायूंत जे घडते तेच मग माणसाच्या शरीरात घडते आणि ते दाणे मेंदूत जाऊन बसतात. डॉक्टर त्याला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात. ही अंडी कृमी बाळगणाऱ्या माणसाच्या शौचातूनच येतात. ज्याने जन्मात मांसाला हात लावला नाही त्यालाही हा आजार होतो, कारण त्याने खाल्लेली काकडी, कोथिंबीर किंवा त्याच्यासाठी मळलेली कणीक दुसऱ्या कोणाच्या न धुतलेल्या हातातून आलेली असते. "आम्ही शाकाहारी, आम्हाला काय भीती?" हा आपल्या अनेक घरांतला दिलासा पोकळ आहे.

याचा धडा देणारे एक उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. १९९२ मध्ये तिथल्या सनातनी ज्यू वस्तीतल्या चार कुटुंबांतले रुग्ण नोंदवले गेले. धर्माने ज्यांना डुकराचे मांस वर्ज्य, त्यांच्या मेंदूत डुकराचा कृमी निघाला. शोध घेतल्यावर माग स्वयंपाकघरापर्यंत गेला. जिथे हा कृमी सर्रास आढळतो अशा देशांतून आलेल्या घरकामगारांपैकी कोणाच्या तरी पोटात तो होता, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. दोष त्या बायकांचा नव्हता. त्यांची तपासणी कोणी केली नव्हती, औषध कोणी दिले नव्हते. आजार कुठून येतो हे न समजता नुसता आहाराचा विटाळ पाळला तर काय होते, ते या प्रकरणात दिसले.

खडकीत राहून हा विषय लिहिण्याला आणखी एक कारण आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्यांशी झालेल्या लढाईनंतर इंग्रजांनी इथे छावणी वसवली. पुढे दारूगोळ्याचा कारखाना आला, सॅपर्सची पलटण आली, लष्करी रुग्णालय झाले. अशा अनेक छावण्यांमधून ब्रिटिश शिपाई हिंदुस्थानात वर्षानुवर्षे राहिले. लढाईपेक्षा पटकी, हगवण, विषमज्वर यांनीच त्यांतले जास्त मारले, हे १८६३ च्या शाही आयोगाने आकडे मांडून दाखवले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्या आकड्यांचा पिच्छा पुरवला होता. पुढच्याच वर्षी छावण्यांसाठी कायदा झाला आणि पाणी, शौचकूप, दूध, बाजार, कत्तलखाने यांवर देखरेख सुरू झाली. बैलाच्या मांसातले दाणे आणि शिपायाच्या पोटातली पट्टकृमीची दुसरी जात यांचा संबंध १८६९ च्या सुमारास ऑलिव्हर या डॉक्टराने हिंदुस्थानातच दाखवला. छावणीची आरोग्यव्यवस्था परक्या सत्तेने आपल्या शिपायांच्या जिवासाठी उभारली. शेजारच्या गावांना तिचा लाभ देण्याची निकड तिला वाटली नाही, ही तिची मोठी उणीव. पण मांस विकायला जाण्याआधी ते कोणीतरी जाणकाराने पाहिलेच पाहिजे, हा नियम तिने इथे रुजवला.

तरीही शिपाई आजारी पडत राहिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानातली नोकरी संपवून मायदेशी परतलेल्या धडधाकट तरुणांना अचानक फिट येऊ लागल्या. कोणाला जन्माचा अपस्मार आहे असे ठरवले गेले, कोणावर मानसिक विकाराचा शिक्का बसला. मॅकआर्थर या लष्करी डॉक्टराने १९३० च्या दशकात चिकाटीने दाखवून दिले की यांतल्या अनेकांच्या मेंदूत कृमीच्या गाठी आहेत. १९६१ मध्ये डिक्सन आणि लिप्सकोम्ब यांनी अशा ४५० रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांतले बहुतेक हिंदुस्थानात राहून गेलेले शिपाई होते. जंतुसंसर्गानंतर पहिली फिट यायला बहुतेकांना काही वर्षे लागली, काहींना तर त्याहून खूप उशीर झाला. आजच्या माहितीचा बराच पाया या अभ्यासात आहे. मला त्यात एक मूक प्रश्न दिसतो. त्या छावण्यांमधल्या गोऱ्या शिपायांची नोंद झाली. त्याच बाजारातली भाजी खाणारे, त्याच नदीचे पाणी पिणारे आपले लोक कोणत्या वहीत आले?

ते वहीत यायला फार काळ लागला. १९८० च्या दशकात आपल्या मोठ्या शहरांत सीटी स्कॅन आले आणि फिट येणाऱ्या मुलांच्या मेंदूत एक लहान, कडेने उजळलेली गाठ दिसू लागली. क्षयरोग इतका सर्वत्र होता की बहुतेक डॉक्टरांनी ती क्षयाचीच गाठ मानली, आणि कित्येक मुलांनी क्षयाची औषधे महिनोन्महिने घेतली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या मेंदूशल्यविशारदांनी अशा काही गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा त्यांत कृमी निघाला. पुढे वेल्लोर परिसरात झालेल्या पाहणीत अपस्माराच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या आजाराशी याच कृमीचा संबंध आढळला. जिथे हा कृमी ठाण मांडून आहे तिथे अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तो असतो, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

या टक्केवारीमागे माणसे आहेत. काही वर्षांपूर्वी खडकी स्टेशनच्या फलाटावर एका तरुणाला फिट आली. डबा बाजूला घरंगळला, पोळ्या सांडल्या. चारजण धावले. एक ओरडला, "चप्पल हुंगवा," दुसरा कांदा शोधू लागला, तिसऱ्याने दातांत चमचा घालायचा प्रयत्न केला. शेवटी एका मध्यमवयीन बाईंनी सगळ्यांना मागे सारले, त्याला कुशीवर वळवले, डोक्याखाली आपली पिशवी ठेवली आणि घड्याळाकडे बघत बसल्या. दोन मिनिटांत तो शुद्धीवर आला. त्याने पहिला प्रश्न विचारला तो दुखण्याबद्दलचा नव्हता. "कामावर कोणी सांगणार नाही ना?" फिटची कारणे अनेक असतात. पण ज्या मुलीचे लग्न फिटमुळे मोडते, ज्या गड्याला त्यामुळे यंत्रावरून काढतात, त्यांतल्या काहींचे दुखणे मुळात होऊच द्यायचे नाही, हे आपल्या हातात होते आणि आहे.

हातात आहे, कारण जगाने ते करून दाखवले आहे. जर्मनीत १८६५ मध्ये हेडर्सलेबेन या गावात डुकराच्या मांसातल्या ट्रिकिना नावाच्या दुसऱ्या कृमीने ३३७ लोक आजारी पडले आणि १०१ दगावले. त्या काळात रोगविज्ञानी रुडॉल्फ फिर्खो यांनी मांसतपासणी सक्तीची करण्यासाठी आवाज उठवला. व्यापाऱ्यांचा विरोध झाला, पण तपासणी आली. तपासनीस मांसाचा पातळ तुकडा काचेत दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागले. डुकरे बंद गोठ्यांत गेली, घरोघर शौचालये झाली, सांडपाणी नळांतून जाऊ लागले. ट्रिकिना तर मागे हटलाच, त्याच वाटेने पट्टकृमीही पश्चिम युरोपातून जवळजवळ नाहीसा झाला. अमेरिकेत १९४० च्या दशकात ट्रिकिनाचे वर्षाला सरासरी सुमारे ४०० रुग्ण नोंदले जात. आता ते मोजकेच उरले आहेत. डुकरांना कच्चा उकिरडा खायला घालायला बंदी, मांस गोठवण्याचे नियम आणि नीट शिजवण्याची सवय, एवढ्यावर हे झाले.

यावर कोणी म्हणेल, ते श्रीमंत देश. म्हणून आपल्याच घरचे उदाहरण घेऊ. ते नारूचे आहे.

साठी ओलांडलेल्या गावाकडच्या माणसाला नारू समजावून सांगावा लागत नाही. पायाला फोड येई, आग होई, आग शमवायला माणूस पाय पाण्यात बुडवी, फोड फुटे आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा कृमी डोके काढी. त्याला काडीला गुंडाळून रोज बोटभर, दोन बोटे ओढायचे. घाई केली आणि तो तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळे. बहुधा नेमका पेरणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत. पाण्यात सोडलेल्या त्याच्या पिलांना सायक्लॉप्स नावाचा बारीक जलकीटक गिळतो, आणि तो जलकीटक पाण्याबरोबर पुढच्या माणसाच्या पोटात जातो. वर्षभराने तिथून नवा नारू निघतो. ज्या बारवांमध्ये पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालूनच घागर भरावी लागे, त्या बारवा या फेऱ्याचे केंद्र होत्या.

हा फेरा पाण्यावाटे माणसात पूर्ण होतो, याचा एक निर्णायक पुरावा मुंबईत मिळाला. परळच्या बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरीत, जिला पुढे हाफकिन संस्था हे नाव मिळाले, ज्ञानेश्वर आत्माराम तुर्खुड यांनी १९१४ मध्ये स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांना बाधित सायक्लॉप्स असलेले पाणी पाजून नारूचा संसर्ग घडवून दाखवला. रोग कोणत्या दाराने आत येतो हे कळले. तरी ते दार बंद व्हायला आणखी आठ दशके गेली. नारूवर लस नाही, औषध नाही. होता तो फक्त पाण्याचा मार्ग, आणि तोच तोडायचा होता.

भारताने राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू केला. त्या वेळी सात राज्यांत, त्यांत महाराष्ट्रही, सुमारे १२ हजार ८०० गावे बाधित होती आणि वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण नोंदले जात. मग जे झाले त्यात दिपवणारे काही नव्हते. आरोग्य कर्मचारी दारोदार फिरले. रुग्ण सापडला की त्याचा पाय बांधला, त्याला विहिरीत उतरू दिले नाही. बायकांनी दुहेरी फडक्यातून पाणी गाळून घ्यायला सुरुवात केली. विहिरींत टेमेफॉस हे कीटकनाशक टाकले. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधले, रहाट बसवले. आणि हातपंप बसले. या हातपंपाच्या इतिहासातही आपला वाटा आहे. जालन्याच्या मिशनच्या कार्यशाळेत आणि सोलापुरात तयार झालेल्या भक्कम पंपांच्या बांधणीवरून पुढे युनिसेफच्या साहाय्याने इंडिया मार्क टू घडला आणि जगभर गेला.

देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला. जागतिक आरोग्य संघटनेकडून नारूमुक्तीचा दाखला मिळाला तो मात्र फेब्रुवारी २००० मध्ये. मधली साडेतीन वर्षे कर्मचारी नसलेल्या रुग्णाचा शोध घेत होते. अफवा आली की गाव गाठायचे, फोड पाहायचा, खात्री करायची, नोंद करायची. मला या कार्यक्रमातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. विजय झाल्यावरही पहारा न उठवणे.

तो पहारा का हवा, याचे उत्तर आफ्रिकेत मिळाले. १९८६ मध्ये जगात नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये १४ नोंदले गेले. तरीही नारू संपत नाही. चाडमध्ये २०१२ पासून कुत्र्यांमध्ये नारू सापडू लागला. नदीकाठी मासे साफ करून टाकलेली आतडी कुत्रे खातात, माणसेही कधी नीट न शिजलेले मासे खातात, आणि कृमीने पाण्याच्या जोडीला अन्नाचा मार्ग धरला असे आज मानले जाते. फक्त माणसांपुरता समजला गेलेला कृमी, एक वाट बुजताच दुसरी धरून बसला. परजीवी आपल्या समारंभांची दखल घेत नाही.

नारूकडून पट्टकृमीकडे वळले की आपली स्थिती अस्वस्थ करते. या कृमीच्या बाबतीत आपल्याकडे नारूपेक्षा जास्त साधने आहेत. माणसाच्या आतड्यातला कृमी काढणारी औषधे आहेत. डुकरांसाठी ऑक्सफेंडाझोल आहे. डुकरांना टोचायची लसही आहे, आणि ती हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या कंपनीत बनते. पेरूमध्ये उत्तरेच्या तुंबेस भागात माणसांना औषध आणि डुकरांना औषध व लस असा एकत्रित प्रयोग झाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार १०७ पैकी १०५ गावांत संसर्गाचा फेरा थांबला. लस आपल्या देशात तयार होते, पण नारूसाठी होता तसा या कृमीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे नाही.

आपण करतो ते जंतनाशक दिनाचे काम. फेब्रुवारी २०१५ पासून १ ते १९ वयाच्या मुलांना शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. हे काम चांगलेच आहे आणि चालू राहिले पाहिजे. पण त्याचा रोख मातीतून पसरणाऱ्या गोलकृमी, अंकुशकृमी आणि चाबूककृमी यांच्यावर आहे. पट्टकृमी बाळगणारी प्रौढ माणसे त्या जाळ्यात येतच नाहीत. गोळी घेतली की सगळे किडे गेले, असा समज घरात पक्का होतो, आणि तो समजच पुढच्या तपासणीला आडवा येतो.

दुसरी चिंता जबाबदारीच्या वाटणीची आहे. उघड्यावरची विष्ठा हा स्वच्छता विभागाचा विषय, मोकाट डुक्कर पशुसंवर्धनाचा की पालिकेचा यावर वाद, मांसाची तपासणी पालिकेच्या पशुवैद्यकाकडे, विक्रीचा परवाना अन्न व औषध प्रशासनाकडे, आणि फिट येणारा मुलगा रुग्णालयाकडे. कत्तलीआधी पशुवैद्यकाने जनावर तपासावे असे २००१ चे नियम सांगतात. पण डुकराचे मांस अनेक ठिकाणी नाल्याकाठी, कोणाच्या नजरेला न पडता कापले जाते. खडकीसारख्या भागात यात आणखी एक वळण येऊ घातले आहे. कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग शेजारच्या महापालिकेत विलीन करण्याची प्रक्रिया केंद्राने २०२३ पासून देशभर हाती घेतली आहे आणि खडकीचा विषयही तिच्यात आहे. विलीनीकरण योग्य की अयोग्य हा माझा मुद्दा नाही. हस्तांतराच्या यादीत रस्ते, दिवे, जागा, कर यांची नोंद होईल. मांस पाहणारा माणूस, बाजारातली पाण्याची सोय, सार्वजनिक शौचालयाची देखभाल यांची नोंद कोणत्या पानावर होईल, हे नागरिकांनी आत्ताच विचारले पाहिजे. दीडशे वर्षांची चाकोरी कागदावरच्या एका ओळीअभावी मोडू शकते.

तिसरी चिंता नदीची. मुळा खडकीला वळसा घालून जाते. तिच्यात आजही प्रक्रिया न झालेले सांडपाणी मिसळते. शौचालये बांधली गेली, हे खरे मोठे काम. राज्यात २००० पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने आणि २०१४ पासून स्वच्छ भारतने ते पुढे नेले. पण शौचालयाच्या खाली काय होते? सेप्टिक टँक उपसणारी गाडी मैला कुठे रिकामा करते? तो नाल्यात गेला, नाला नदीत गेला आणि नदीच्या पाण्यावर पालेभाजी पिकली, तर आपण घाण दारातून बाहेर काढून ताटातून परत आत घेतली.

हे अतिशयोक्तीचे बोलणे नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. आकडा दोनशेच्या घरात गेला, काही जण दगावले. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. तो जिवाणू होता, परजीवी नव्हता. पण वाट तीच होती, पोटातून पाण्यात आणि पाण्यातून पोटात. जिवाणूने दोन आठवड्यांत माणसे पाडली म्हणून शहर जागे झाले. पट्टकृमी वर्षानुवर्षे थांबतो. आज गिळलेले अंडे पाच वर्षांनी फिट देते, तोवर कोणती कोथिंबीर, कोणता हात, हे कोणाला आठवणार? सावकाश येणाऱ्या आजाराची बातमी होत नाही. म्हणूनच त्याच्यासाठी पहारा अधिक काटेकोर लागतो.

एक सावधगिरी मात्र आपण बाळगलीच पाहिजे. या आजाराचे बोट सहजपणे गरिबाकडे दाखवले जाते. डुकरे पाळून जगणारी कुटुंबे गावकुसाबाहेर राहिली ती आपल्या समाजाने ठेवली म्हणून. त्यांच्या वस्तीत नळ नाही, शौचालय नाही, आणि मग तिथली घाण हाच त्यांचा गुन्हा ठरतो. नारू गेला तो बाधितांना हिणवून नव्हे. त्यांच्या दारी पंप बसला, कर्मचारी त्यांच्या पायापाशी बसला, तेव्हा गेला. डुकरे बंद वाड्यात पाळायला मदत, लस, तपासणीची हमी देणारा छोटा स्वच्छ कत्तलखाना आणि घरातल्या सर्वांना औषध, हे त्यांना दिले तर तेच या कामातले पहिले सैनिक होतील.

मागणी फार मोठी नाही. मेंदूतल्या कृमीच्या रुग्णाची नोंद सक्तीची व्हावी, म्हणजे रोग कुठे आहे ते कळेल. प्रत्येक रुग्णामागे त्याच्या घरातल्या आणि स्वयंपाक करणाऱ्या माणसांची शौचतपासणी व्हावी, दंडासाठी नव्हे, औषधासाठी. बाजारात नळाचे पाणी आणि साबण मिळावा. मांस पाहिल्याशिवाय विकले जाऊ नये. सेप्टिक टँकची गाडी कुठे रिकामी होते, याचा हिशेब पालिकेने उघडपणे मांडावा.

त्या संध्याकाळी मीही कोथिंबिरीची एक जुडी घेतली. घरी तिची मुळे कापली, काड्या सुट्या केल्या आणि तीन पाण्यांतून काढली. पहिले पाणी गढूळ निघाले, दुसरे कमी, तिसरे बऱ्यापैकी नितळ. एवढे माझ्या हातात होते. आता बाजारात गेल्यावर मी बादलीतले पाणी कुठले, हेही विचारतो. भाजीवाला रागावत नाही. "नळ लांब आहे, काका," म्हणतो, "इथंच असता तर कशाला बादली?" या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नाही आणि माझ्या स्वयंपाकघरातही नाही. ते महापालिकेच्या, कॅन्टोन्मेंटच्या आणि आपल्या सर्वांच्या दारात आहे, आणि नळ तिथूनच यायचा आहे.